खाचेतली रिंग

बसा. पाठ सरळ असली तर बरं, नसली तरी चालेल.

आज एकाच वस्तूकडे पाहायचं आहे. ती काळी आहे, गोल आहे, तळहातावर मावते. हार्डवेअरच्या दुकानात तिला ओ-रिंग म्हणतात. रबराची असते. स्वस्त असते.

जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरच्या पुढे, सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एखाद्या दुकानात अशा रिंगा खिळ्याला टांगलेल्या आहेत, असं समजा. लहान, मोठ्या, धूळ बसलेल्या. त्यातली एक मनानंच काढून घ्या. धूळ पुसा. तळहातावर ठेवा.

पाहा.

घाई नाही.

तिला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, असं पटकन म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. नीट पाहा. कडेनं एक बारीक रेघ फिरलेली दिसेल, केसाएवढी. साच्याचे दोन अर्धे जिथं मिळाले ती ही जागा. नखानं चाचपा. नखाला कळते.

नाकाजवळ न्या. सायकलच्या दुकानात येतो तसा वास. त्यात काजळी आहे, गंधक आहे, थोडं तेल आहे.

श्वास घ्या. सोडा.

आता तिला अंगठा आणि तर्जनीत धरा. हळूच दाबा.

ती दबते.

सोडा. ती पुन्हा गोल होते.

पुन्हा दाबा. आता आपण किती जोर लावतो इकडे लक्ष देऊ नका. ती बोटाला उलटं ढकलते आहे, तिकडे द्या. अगदी थोडं ढकलते. पण सतत. तुम्ही दाबून धरलं आहे तोवर ती ढकलतेच आहे.

हे उलटं ढकलणं म्हणजेच तिचं काम. दुसरं काही तिला येत नाही.

तेलाच्या, वायूच्या वाटेवर सगळं पोलादाचं दिसतं. टाक्या पोलादाच्या, नळ पोलादाचे, झडपा पोलादाच्या. पण पोलादाला पोलाद जिथं भेटतं तिथं फट राहते. कितीही घासा, कितीही चकचकीत करा. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावर ओरखडे असतात, आणि पेट्रोलला ओरखडा पुरतो.

म्हणून तिथं एक खाच कोरतात. खाचेत ही रिंग बसवतात. वरून दुसरा भाग येतो आणि बोल्ट आवळले जातात. रिंगेची जाडी साधारण पाचव्या हिश्शानं दबते. ती ओरखड्यांत शिरते, फट भरते आणि तिथंच उलटी ढकलत राहते. अंधारात. महिनोन्‌महिने.

त्या अंधाराची कल्पना करा. खाचेचा तळ. वर पोलाद, खाली पोलाद. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला आपली हवा.

मध्ये ती.

नळातला दाब वाढतो. ती खाचेच्या पलीकडच्या भिंतीला सरकते, तिला जास्त घट्ट चिकटते. दाब जितका जास्त, तितकी तिची पकड पक्की. मर्यादा आहेच, पण त्या मर्यादेच्या आत बाहेरचा जोर तिच्याच कामाला येतो.

नील्स ख्रिस्तेन्सेन नावाचे गृहस्थ, जन्मानं डॅनिश, राहायला अमेरिकेत, १९३७ साली या रिंगेच्या पेटंटसाठी अर्ज करतात. वय ७२. मला त्यांच्या वयाचं कौतुक आहे, पण त्याहून त्यांच्या खाचेचं. रिंगा आधीही होत्या. रिंगेला कशी जागा द्यावी म्हणजे ती टिकते, हे त्यांनी हातानं करून करून पाहिलं.

कारण रबराला दाबून लहान करता येत नाही. ते आकार बदलतं, आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं. एकीकडून दाबलं तर दुसरीकडे पसरतं. म्हणून खाच रिंगेपेक्षा थोडी रुंद ठेवतात. थोडी जागा रिकामी.

त्या रिकाम्या जागेकडे लक्ष न्या.

पोलाद नाही, रबर नाही, तेल नाही. नुसती मोकळीक. ती नसेल तर रिंग चिरडली जाते.

इथं थोडं थांबू.

श्वास आत येतो. बरगड्या सरकतात. श्वास बाहेर जातो.

आता मनानंच ती रिंग एका काचेच्या भांड्यात टाका. भांड्यात पेट्रोल आहे.

ती साध्या, झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराची असेल, तर फार वेळ पाहत बसावं लागणार नाही. ती फुगू लागते. पेट्रोलचे कण रबराच्या लांबलांब साखळ्यांमध्ये शिरतात, कारण दोघांची जात जवळची आहे, दोन्ही कर्ब आणि हायड्रोजनची. रिंग जाड होते, मऊ होते, बोटात धरली तर दुमडते. उलटं ढकलणं संपतं.

दुसरी रिंग टाका. दिसायला तशीच काळी. ही नायट्राइल रबराची. १९३० च्या दशकात जर्मनीत हे रबर घडलं. त्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचा एक घटक असतो, त्याचं पेट्रोलशी सूत जुळत नाही. ही रिंगही किंचित फुगते, पण किंचितच. खाचेतली ती रिकामी जागा आठवा. तेवढं फुगणं तिथं मावतं, कधी कधी उपयोगीही पडतं.

त्या घटकाचा वाटा वाढवत नेला की तेलाची भीती आणखी कमी होते. पण मग थंडीत रबर लवकर ताठ होतं.

जयपूरचा जानेवारी मनात आणा. पहाटेचं धुकं, कानाला झोंबणारी हवा. मग जयपूरचा मे महिना आणा. दुपारचे दोन. उघड्यावरच्या नळाला हात लावला तर भाजेल.

एकाच खाचेत, एकाच रिंगेला, हे दोन्ही महिने काढायचे आहेत.

एका बाजूनं मिळवलेलं दुसऱ्या बाजूनं जातं. नायट्राइल निवडा, पण वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल तर ते कडक होतं, तडकतं. १९५७ साली ड्युपाँट कंपनीनं बाजारात आणलेलं फ्लोरिनयुक्त व्हिटॉन घ्या, ते उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसतं, पण साधारणपणे थंडीत कमी पडतं, आणि महाग आहे. सगळं सोसणारं रबर कुणाकडे नाही.

नाही, तर नाही. पाहत राहा.

चला, जयपूरच्या जुन्या शहरात जाऊ. त्रिपोलिया बाजाराजवळ एक गल्ली आहे, मनिहारों का रास्ता. तिथं लाखेच्या बांगड्या होतात.

कोळशाची शेगडी. तिच्यावर धरलेली लाखेची कांडी. कारागिराचे हात घाईत नाहीत. लाख मऊ होते, तो ती लांबवतो, वळवतो, टोकं जुळवतो. बांगडी गोल होते. गार झाली की कडक. माप चुकलं तर? पुन्हा शेगडीवर. पुन्हा मऊ. लाख पुन्हा नव्यानं सुरुवात करते.

आपली रिंग तशी नाही.

तिच्या साखळ्या गंधकानं किंवा दुसऱ्या कशानं एकमेकींना बांधलेल्या आहेत. रबराला गंधकाबरोबर तापवलं की हे बंध पडतात. असं तापवलं की रबर पक्कं होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ साली उमगलं. त्या बंधांमुळे ती दाबली तरी परत येते. आणि त्या बंधांमुळेच ती पुन्हा कधी वितळत नाही. साच्यात एकदा मिळालेला आकार हाच तिचा आकार. त्याच्याकडे परत जाण्याची ओढ म्हणजे बोटाला जाणवलेलं ते ढकलणं.

पुन्हा एकदा दाबा.

ती ओढ जाणवू द्या.

आणि ही ओढ कमी होत जाते.

ती कशी कमी होते, हे मोजायची एक रीत आहे. प्रयोगशाळेतली अगदी साधी रीत, आणि मला ती फार आवडते. रबराचा एक तुकडा घेतात. त्याची उंची मोजतात. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये तो पाव हिश्शानं दाबतात. दाबलेलाच भट्टीत ठेवतात, ७० तास म्हणा, गरम. मग बाहेर काढतात. पट्ट्या सैल करतात.

आणि अर्धा तास काही करत नाहीत.

नुसते थांबतात. तुकडा टेबलावर आहे. तो हळूहळू, जितका जमेल तितका, वर येतो आहे.

त्या टेबलाशी बसा.

डोळ्याला काही हललेलं दिसत नाही. तरी तिथं काहीतरी उठतं आहे. आतले काही बंध उष्णतेनं तुटलेत, काही नव्या जागी जुळलेत. नव्यानं जुळलेले बंध दबलेल्या आकारालाच आपला आकार मानतात. जुने त्याला वर ओढतात, नवे खाली धरून ठेवतात.

अर्धा तास झाला. उंची पुन्हा मोजतात. जितकी उंची परत आलीच नाही, तिचा टक्का काढतात. शून्य म्हणजे सगळं आठवलं. शंभर म्हणजे ज्या आकारात दाबलं त्यातच राहिला, ढकलायचं पूर्ण विसरला.

खाचेत बसलेल्या रिंगेला असा अर्धा तास कुणी देत नाही. ती दबलेलीच असते. विसरणं बाहेरून दिसत नाही. नळ तसाच, बोल्ट तसेच, रंग तसाच. आत रिंगेची एक बाजू सपाट होत चालली आहे.

श्वास घ्या.

या वेळी भरून घ्या. थोडा धरा.

खोल विहिरींच्या तोंडाशी वायूचा दाब प्रचंड असतो. रबर आपल्याला भरीव दिसतं, वायूला तसं दिसत नाही. तो रिंगेत शिरतो, साखळ्यांच्या मधल्या जागांत मुरतो. रिंगेला त्याचा त्रास नसतो. आत जेवढा दाब, बाहेर तेवढाच. ती भरलेली आहे, शांत आहे.

आता बाहेरचा दाब कुणीतरी एकदम उतरवतो.

आतला वायू आतच आहे. त्याला बाहेर पडायला वेळ हवा, तो वेळ मिळत नाही. तो तिथल्या तिथं पसरतो. रिंगेच्या पोटात फोड येतात, चिरा जातात. कधी वरून एकही खूण नसते, आणि कापून पाहिलं की आत चिरा.

म्हणून दाब हळू उतरवतात. टप्प्याटप्प्यानं. मध्ये थांबत.

धरलेला श्वास आता सोडा. तसाच. हळू. मध्ये थांबत.

या फुगण्याची, विसरण्याची, फुटण्याची परीक्षा कशी घ्यावी, यासाठी आयएसओ २३९३६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते धातू सोडून बाकीच्या पदार्थांसाठी आहे, त्यांनी तेल आणि वायूच्या सहवासात कसं वागावं यासाठी. त्याचा पहिला भाग, थर्मोप्लास्टिकचा, २००९ मध्ये आला. रबरासारख्या लवचीक पदार्थांचा भाग २०११ मध्ये.

२००९ हे साल राजस्थानलाही तेलाचं साल म्हणून आठवतं. ऑगस्टमध्ये बाडमेरच्या मंगला क्षेत्रातून तेल निघू लागलं. ते तेल मेणचट आहे, गार झालं की थिजतं. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारा नळ सगळ्या वाटेवर गरम ठेवतात. पोलादाभोवती पॉलियुरेथेनचा फेस, फेसाभोवती पॉलिथिलीनची काळी साल. वर वाळू. तिथं उन्हाळ्यात पाय भाजतात आणि तेलाला मात्र पांघरूण लागतं. हे डोळ्यांपुढे येऊ द्या आणि जाऊ द्या.

आपल्याला त्याच वर्षाच्या ऑक्टोबरकडे जायचं आहे.

२९ ऑक्टोबर २००९. गुरुवार.

पंढरपुरात कार्तिकी एकादशी. जयपूरमध्ये हाच दिवस देवउठनीचा.

संध्याकाळचे सहा वाजून गेले आहेत. सीतापुऱ्यात इंडियन ऑइलच्या टर्मिनलमधून शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या टर्मिनलकडे पेट्रोल पाठवायची तयारी चालू आहे. पेट्रोल नळातून जाणार. वाटेत एक साधन आहे, त्याला हॅमर ब्लाइंड म्हणतात. त्यात एक जाड पोलादी पट्टी बसते. पट्टीचा एक अर्धा भरीव, दुसऱ्या अर्ध्याला गोल भोक. भरीव बाजू नळात असली की वाट बंद, भोकाची बाजू असली की वाट खुली. बाजू बदलायची तर साधन सैल करावं लागतं. तेवढा वेळ नळ वरून उघडा असतो.

तेवढ्या वेळापुरती, टाकीकडची झडप बंद हवी.

ती बंद नाही.

थांबा. पुढे जाऊ नका.

या क्षणी सगळी रबरं ठीक असतील. नायट्राइल नायट्राइलच्या जागी, व्हिटॉन व्हिटॉनच्या जागी. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या लाल समितीच्या अहवालात दोष रबरावर आलेला नाही. तो कामाच्या क्रमावर येतो, आधी काय करायचं आणि नंतर काय यावर. जे आवळलेलंच नाही ते कुठल्याही रिंगेला धरता येत नाही. आम्हा पदार्थांवर लिहिणाऱ्यांना वस्तूला शहाणं समजायची खोड असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. रिंगेला काही ठाऊक नसतं. तिला दाबलं तर ती ढकलते.

पेट्रोल कारंज्यासारखं वर उडतं.

जवळ असलेले वाफेनं गुदमरून कोसळतात. मदतीला धावलेलेही. नियंत्रण कक्षातून ती झडप बंद करायची सोय पूर्वीच निकामी झालेली आहे.

आता हवेकडे पाहा.

वारा नाही.

झाडाचं पान हलत नाही अशी संध्याकाळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत पसरते. टाक्यांच्या मधून, रस्त्यांवरून, कुंपणापर्यंत, कुंपणापलीकडे. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असलं की ठिणगी पुरते.

तासाहून अधिक वेळ ती पसरत राहते. सुमारे एक हजार टन पेट्रोल.

मी इथं तुम्हाला शांत बसायला सांगतो आहे, म्हणून ही संध्याकाळ टाळून पुढे जाता येत नाही. तिथंही सगळं शांत होतं. थोडा वारा असता तर वाफ विरली असती. ध्यानावर लिहिणारे आम्ही लोक स्थिरता या शब्दावर फार खूश असतो. सीतापुऱ्यात त्या दिवशी हवा स्थिर होती.

साडेसातच्या सुमारास स्फोट होतो.

काही किलोमीटरवरच्या खिडक्या फुटतात. टाक्या पेटतात, एकामागून एक, अकराच्या अकरा. विझवण्याचा मार्ग नाही. जळून जाऊ द्यायचं ठरतं. अकरा दिवस लागतात. शहरावर काळा धूर.

समितीच्या अहवालात अकरा मृत्यूंची नोंद आहे. सहा टर्मिनलच्या आतले, पाच बाहेरचे.

त्यांच्यासाठी एक श्वास.

आणखी एक.

आता परत तळहाताकडे या. रिंग तिथंच आहे.

तिचा काळा रंग त्या धुराशी जोडू नका. तो काजळीचा रंग आहे, बळकटीसाठी मिसळलेल्या. मन जोडायला जाईल, त्याला जाऊ द्या, परत येईल.

ती थोडी कोमट झाली आहे का? तळहाताची ऊब तिला लागते. रबर उष्णता लगेच घेत नाही, पण घेतं.

हाताच्या उबेनं ती म्हातारी होणार नाही. पण उन्हानं होईल. हवेतल्या ओझोननं होईल. नुसत्या फडताळात ठेवली तरी, सावकाश, होईलच. म्हणून चांगल्या गोदामात रिंगा थंड जागी, अंधारात ठेवतात, पाकिटावर तारीख असते, आणि खिळ्याला टांगून तर मुळीच ठेवत नाहीत. टांगली की स्वतःच्या वजनानं ताणली जाते, खिळ्यापाशी दबते. सुरुवातीला मी तुम्हाला खिळ्यावरची रिंग काढायला सांगितली. पुढच्या वेळी पाकिटातली मागा.

आता उठून स्वयंपाकघरात चला. बसल्या जागेवरून मनानं गेलात तरी चालेल, पण खरंच गेलात तर जास्त बरं.

ओट्याखाली सिलिंडर आहे. १४.२ किलोचा, लाल. त्याच्या तोंडाशी, झडपेच्या आत, एक छोटी रबरी रिंग आहे. सिलिंडर घेऊन येणारा टोपी काढून तिथं पाण्याचे दोन थेंब टाकतो, ते तुम्ही पाहिलं असेल. बुडबुडा येतो का, याकडे तो टक लावून पाहतो. ती दोन-चार सेकंदं त्याचं दुसरीकडे कुठं लक्ष नसतं.

तुम्हीही पाहा. कान लावा. वास घ्या. गॅसला स्वतःचा वास नसतो. जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आपल्याला कळावं म्हणून.

रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंत एक नळी जाते. बहुतेक नारिंगी. आत रबर, मध्ये तारेची वीण, वर पुन्हा रबर. बोटं तिच्यावरून फिरवा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, अगदी सावकाश. टोकापाशी, जिथं ती पितळी तोटीवर चढली आहे, तिथं रेंगाळा. तिथं ती सगळ्यात जास्त ताणलेली असते. जरा वाकवा. बारीक भेगा दिसतात का? कडकपणा लागतो का? शेगडीच्या गरम अंगाला ती कुठं टेकली आहे का?

तिच्या अंगावर काही छापलेलं आहे. तेलकट असेल. ओल्या फडक्यानं पुसा. साल वाचा.

या नळीचं आयुष्य पाच वर्षांचं धरतात. त्याहून जास्त झाली असतील तर श्वासाकडे नंतर पाहू, आधी गॅस एजन्सीला फोन लावा.